कॅप प्रवेशाचा पसंतीक्रम: यंत्र तुमची यादी कशी वाचतं?

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी दोन प्रश्न सुरू होतात. एवढ्या पर्सेंटाइलला कुठे लागेल, आणि फॉर्ममध्ये वर कोणतं कॉलेज टाकायचं? पहिल्याचं उत्तर शेजारीपाजारी देतात, दुसऱ्याचं उत्तर विकणारे तर गल्लोगल्ली आहेत. 'तुमच्या पर्सेंटाइलला झेपेल तेच वर टाका, नाहीतर हातचं जाईल' हा त्यांचा ठरलेला सल्ला. तो चुकीचा आहे. का चुकीचा, हे समजायला यंत्र जागा कशी वाटतं ते एकदा नीट पाहावं लागतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी पदवी प्रवेशाबद्दल आहे. फार्मसी आणि इतर व्यावसायिक अभ्यासक्रमांची प्रक्रियाही बरीचशी अशीच चालते. प्रक्रियेचं नाव केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजेच कॅप. ती राबवतो राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, ज्याला सगळे सीईटी सेल म्हणतात. नियमांची माहितीपुस्तिका दरवर्षी नव्याने निघते आणि एखाददुसरा नियम दरवर्षी बदलतो. त्यामुळे मोठ्या भावाच्या वेळी काय होतं, हे ऐकून फॉर्म भरू नका.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

एमएचटी-सीईटी २०० गुणांची असते. पीसीएम गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही.

परीक्षा संगणकावर होते आणि लाखो मुलांना एकाच वेळी बसवणं शक्य नसतं. म्हणून ती अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एक शर्यत कोरड्या मैदानावर झाली आणि दुसरी चिखलात, तर दोन्हीकडच्या धावपटूंची वेळ सेकंदात ताडून काही कळत नाही; कोण आपापल्या मैदानावर कितव्या नंबरावर आला, एवढंच ताडता येतं. पर्सेंटाइल नेमकं तेच करतं. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती, त्याला सत्रातल्या एकूण परीक्षार्थींनी भागायचं आणि शंभरने गुणायचं.

समजा, एका सत्रात २०,००० मुलं होती. १३२ गुण मिळवणाऱ्या मुलीइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण १८,६०० जणांना आहेत. तिचं पर्सेंटाइल ९३. दुसऱ्या सत्राचा पेपर कठीण निघाला, तिथे १९,००० मुलं होती. ११८ गुण मिळवणाऱ्या मुलाइतके किंवा त्याच्यापेक्षा कमी गुण १७,६७० जणांना. त्याचंही पर्सेंटाइल ९३. गुणांत चौदाचा फरक असूनही दोघं एकाच पायरीवर.

प्रत्येक विषयाचं पर्सेंटाइल वेगळं काढतात आणि एकूण गुणांचं वेगळं. तीन विषयांची सरासरी काढून एकूण पर्सेंटाइल येत नाही, त्यामुळे 'माझी बेरीज जुळत नाही' ही तक्रार घेऊन धावपळ करू नका. आकडा दशांशानंतर सात अंकांपर्यंत देतात, तो बरोबरीच्या मुलांचा क्रम शक्य तितका मोकळा व्हावा म्हणून.

'पण माझं सत्रच कठीण होतं'

ही तक्रार दरवर्षी होते. पेपर कठीण असेल तर तो त्या सत्रातल्या सगळ्यांनाच कठीण गेला आणि तुमचा क्रम जिथे असायचा तिथेच राहिला, असं पद्धतीचं गृहीतक आहे. हुशार आणि कच्ची मुलं सगळ्या सत्रांत साधारण सारखीच वाटली गेली, हे दुसरं गृहीतक. सत्रात हजारो मुलं असतात तोवर हे दुसरं गृहीतक बऱ्यापैकी टिकतं. अगदी वरच्या टोकाला ते थोडं लंगडं पडतं, कारण प्रत्येक सत्रात पहिला येणाऱ्याला शंभरच मिळतात, मग त्याचे गुण दुसऱ्या सत्रातल्या पहिल्यापेक्षा दहाने कमी का असेनात. पण ८५ ते ९८ च्या पट्ट्यात, जिथे बहुतेक घरांची चिंता असते, तिथे या शंकेने झोप उडवण्यासारखं काही नाही.

पर्सेंटाइल विसरा, गुणवत्ता क्रमांक धरा

परीक्षेनंतर कॅपसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. सीईटी दिली म्हणजे कॅपला नाव गेलं, असं होत नाही. दरवर्षी काही मुलं इथेच गाळात जातात. नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, मग तात्पुरती गुणवत्ता यादी, तिच्यावर हरकती आणि शेवटी अंतिम यादी, असा क्रम असतो. अंतिम यादीत तुमच्या नावापुढे जो राज्य गुणवत्ता क्रमांक येतो, इथून पुढे तोच कामाचा.

पर्सेंटाइलवरून क्रमांकाचा अंदाज बांधता येतो. परीक्षेला ४ लाख मुलं बसली असं धरलं, तर ९९ पर्सेंटाइलच्या पुढे साधारण ४,००० मुलं, ९७ च्या पुढे १२,००० आणि ९० च्या पुढे ४०,०००. एकेका पर्सेंटाइलमध्ये ४,००० मुलं दाटीवाटीने बसलेली असतात, म्हणून अर्ध्या पर्सेंटाइलने कॉलेज बदलतं. प्रत्यक्ष क्रमांक या अंदाजापेक्षा थोडा बरा लागतो, कारण परीक्षा देणारे सगळेच कॅपमध्ये उतरत नाहीत.

बारावीचे गुण या क्रमांकात धरले जात नाहीत, पण पात्रतेसाठी लागतात: खुल्या प्रवर्गाला संबंधित विषयांत किमान ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गाला ४०. सीईटीत ९६ पर्सेंटाइल आणि बारावीला विषयांची बेरीज ४५ च्या खाली, अशी मुलं यादीत येऊनही प्रवेशाबाहेर राहतात.

यंत्र यादी कशी वाचतं

पर्याय अर्ज, म्हणजे बोलीभाषेत ऑप्शन फॉर्म, हा कॉलेज आणि शाखेच्या जोड्यांचा क्रम असतो. प्रत्येक जोडीला स्वतःचा चॉइस कोड. एका अर्जात ३०० पर्यंत पर्याय भरता येतात.

मुदत संपली की यंत्र सगळे अर्ज गुणवत्ता क्रमांकाने लावतं. आधी क्रमांक १ चा अर्ज उचलतं, त्याच्या यादीतला पहिला पर्याय बघतं, जागा आहे, दिली. मग क्रमांक २. असं खाली खाली जातं. आता ८,४५० क्रमांकाच्या मुलीची पाळी आली. तिची यादी अशी: पहिल्या ठिकाणी 'क' कॉलेजचं कॉम्प्युटर, दुसऱ्या ठिकाणी 'ख' चं कॉम्प्युटर, तिसऱ्या ठिकाणी 'ग' चं आयटी. 'क' मध्ये जागा आहे का? वरच्यांनी संपवल्या. 'ख' मध्ये? नाहीत. 'ग' च्या आयटीत एकच उरली आहे. ती तिला मिळाली.

त्यानंतर ८,४५१ क्रमांकाचा मुलगा. त्याने 'ग' चं आयटी थेट पहिल्या क्रमांकावर टाकलं होतं. तरी ती जागा त्याला मिळत नाही, कारण त्याची पाळी यायच्या आत ती गेली. 'मी पहिली पसंती दिली होती, तिने तिसरी' हा युक्तिवाद यंत्र ऐकत नाही. ते आधी क्रमांक बघतं, पसंती त्यानंतर.

यातून निघतं ते एवढंच: वरचे पर्याय न मिळाल्यामुळे खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क इंचभरही कमी होत नाही. म्हणून यादी खऱ्या आवडीच्या क्रमाने लावायची. झेपेल ते वर टाकलं तर नुकसान मात्र नक्की होऊ शकतं. समजा, तुम्ही 'घ' कॉलेज वर टाकलं आणि त्यापेक्षा आवडतं 'ख' खाली ठेवलं. 'घ' मध्ये जागा मिळाली की यंत्र तिथेच थांबतं. 'ख' ची कटऑफ यंदा घसरली होती आणि तिथेही तुम्ही बसत होता, हे ते बघायलाही जात नाही.

फेऱ्या आणि आपोआप गोठणारी जागा

वरच्या सल्ल्याला एक पुरवणी लागते, ती फेऱ्यांमुळे. कॅपमध्ये एकाहून जास्त फेऱ्या होतात. २०२५-२६ च्या प्रवेशात चार होत्या आणि नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही. याला ऑटो फ्रीझ म्हणतात. अशी जागा नाकारली तर पुढच्या फेऱ्यांचे दार बंद. यंदाचे आकडे माहितीपुस्तिकेतून तपासून घ्या. तत्त्व तेच असतं, आकडा बदलू शकतो.

ऑटो फ्रीझच्या बाहेरचा पर्याय मिळाला तर दोन वाटा असतात. एकतर समाधानी असाल तर जागा स्वतःहून गोठवा. नाहीतर ती स्वीकारून बेटरमेंट मागा, म्हणजे यापेक्षा चांगली मिळाली तर द्या, नाहीतर ही राहू द्या. दोन्ही वाटांना मुदतीत लॉगिन करून स्वीकृती नोंदवावी लागते आणि जागा स्वीकृती शुल्क भरावं लागतं. ते १,००० रुपये असतं. शुल्क भरलं नाही तर जागा परत पेटीत जाते, आणि 'मला एसएमएस आला नाही' ही सबब चालत नाही.

बेटरमेंटमध्ये एक खड्डा आहे आणि त्यात चांगली शिकलेली घरंही पडतात. पुढच्या फेरीत नवी जागा मिळाली की जुनी आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही. त्यामुळे हातात जागा असताना पुढच्या फेरीचा अर्ज भरताना जुनीच साठ नावांची यादी चिकटवू नका. हातातल्या जागेपेक्षा खरोखर सरस वाटतात तेवढेच पर्याय ठेवा. ते चार असतील तर चारच.

उलटा डावही लोक खेळतात. जागा गोठू नये म्हणून वरचे तीन पर्याय मुद्दाम अशक्य कॉलेजांचे टाकायचे. त्यात तोटा नाही, पण फायदा काय तेही पाहा. जी कॉलेजं हजारो क्रमांकांनी दूर आहेत, ती पुढच्या फेरीतही तितकीच दूर असतात. धोका दुसरीकडे आहे: 'बघू तरी' म्हणून टाकलेलं, पण मनातून नको असलेलं कॉलेज पहिल्या तिनांत असेल आणि ते मिळालं, तर तिथे जावंच लागतं. घरापासून चारशे किलोमीटरवरचं, वसतिगृहाचा खर्च न परवडणारं कॉलेज केवळ नाव मोठं म्हणून वर टाकायचं, आणि मग मिळाल्यावर रडायचं, हे दर जुलैत दिसतं.

कटऑफचा तक्ता वाचायचा कसा

मागच्या वर्षाच्या प्रत्येक फेरीची कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात फुकट असते. पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या 'प्रेडिक्टर'मध्ये याच्यापेक्षा वेगळं काही नसतं. फाइल उघडली की मात्र डोळे फिरतात, कारण रकान्यांची नावं अशी असतात: जी-ओपन-एस, जी-ओपन-एच, एल-ओबीसी-ओ, टीएफडब्ल्यूएस, ईडब्ल्यूएस.

ती उलगडायला सोपी आहेत. सुरुवातीचं 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे मुलींसाठीची जागा. एकूण जागांत ३० टक्के मुलींसाठी राखीव असतात. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर भूगोल सांगतं: 'एस' राज्यस्तर, 'एच' तुमच्या गृह विद्यापीठाच्या क्षेत्रातली, 'ओ' त्याबाहेरच्या मुलांसाठीची. ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक; टीएफडब्ल्यूएसचं पुढे येतंच. गृह विद्यापीठ म्हणजे तुम्ही बारावी ज्या ठिकाणी केलीत तिथलं. आईवडिलांचं मूळ गाव किंवा सध्याचा पत्ता नव्हे. कोल्हापूरचं घर, पण बारावी पुण्यात, तर तुमचं गृह विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. त्यामुळे पुण्यातल्या कॉलेजचा 'एच' चा रकाना बघायचा, 'ओ' चा नाही.

प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात. वरचा गुणवत्ता क्रमांक, खाली कंसात पर्सेंटाइल. हा शेवटच्या प्रवेश मिळालेल्या मुलाचा आकडा. पर्सेंटाइलपेक्षा क्रमांक ताडा. शिवाय केवळ पहिल्या फेरीची नव्हे, शेवटच्या फेरीचीही पीडीएफ उघडा. दोन्हींतल्या फरकावरून कोणत्या शाखेत मुलं जागा सोडून जातात ते कळतं.

मागच्या वर्षाचा आकडा यंदा जसाच्या तसा लागत नाही, हे उघड आहे. त्यात एक नवी गोष्ट मिसळली आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांची वरची मर्यादा काढली. अनेक कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या जागा वाढवल्या. जागा वाढल्या की कटऑफ सैल होते. म्हणून कटऑफसोबत यंदाचा सीट मॅट्रिक्स, म्हणजे कोणत्या शाखेत किती जागा याचा तक्ताही उघडा. मागच्या वर्षी ६० जागा आणि यंदा १८० असतील, तर जुनी कटऑफ फार कडक दाखवत असते.

तुमचा क्रमांक १२,००० असेल, तर ८,००० पासून २०,००० पर्यंतची कटऑफ असलेल्या सगळ्या जोड्या कागदावर उतरवा. मग आकडे झाका आणि आवडीने क्रम लावा. साधारण पन्नास-साठ पर्याय निघतात, तेवढे पुरेत. वीसच भरून 'यातलं एखादं मिळेलच' म्हणणाऱ्यांची पहिली फेरी अनेकदा कोरी जाते.

ट्यूशन फी माफीच्या जागेची गंमत

टीएफडब्ल्यूएस ही शिक्षण शुल्क माफीची योजना. मंजूर जागांच्या वर आणखी ५ टक्के जागा असतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्यांना त्या मिळतात, प्रवर्ग कोणताही असो. शिक्षण शुल्क माफ, विकास शुल्क आणि इतर खर्च मात्र भरावेच लागतात.

या जागेचा चॉइस कोड वेगळा असतो. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेची नेहमीची जागा आणि टीएफडब्ल्यूएस जागा या यंत्राच्या लेखी दोन निराळ्या वस्तू आहेत. इथेच बरेच जण फसतात. नेहमीची जागा बाराव्या क्रमांकावर आणि तिचीच टीएफडब्ल्यूएस तेराव्यावर टाकली, तर बारावं मिळताच यंत्र थांबतं. दरवर्षीची फी माफ होऊ शकत असताना ती संधी तपासलीही जात नाही. टीएफडब्ल्यूएसचा कोड नेहमी जोडीच्या वर. आणि केवळ टीएफडब्ल्यूएसचेच कोड भरणं हा दुसरा टोकाचा वेडेपणा. ६० जागांच्या शाखेमागे या तीनच असतात आणि त्यांची कटऑफ नेहमीच्या जागेपेक्षा चढी असते.

मुलींची फी माफ आहे ना, मग याची गरज काय?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेश घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ८ लाख रुपये. या तिन्हीपैकी एकाही प्रवर्गात न बसणाऱ्या मुलीला ही सवलत लागू होत नाही, आणि व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर कोणालाच नाही. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आणि वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहेत. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर करावा लागतो आणि दरवर्षी नूतनीकरण लागतं. आधार बँक खात्याशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही अडकतात.

कॉलेजची फी किती, हे कॉलेजच्या जाहिरातीवरून नव्हे तर शुल्क नियामक प्राधिकरणाच्या आदेशावरून ठरतं. खासगी विनाअनुदानित संस्थांची फी हे प्राधिकरण दरवर्षी ठरवतं आणि यादी संकेतस्थळावर टाकतं. कॉलेजने सांगितलेला आकडा तिथल्या आकड्यापेक्षा जास्त असेल, तर कशाचे पैसे ते लेखी विचारा. बस, वसतिगृह, खानावळ वेगळे असतात. 'स्किल डेव्हलपमेंट' नावाची सक्ती मात्र तपासून घ्यावी.

कागद: प्रवेश इथे अडतो

गुण कमी म्हणून गेलेल्या जागेचं दुःख समजतं, पण कागद वेळेत नाही म्हणून गेलेली जागा जास्त सलते. सगळे कागद सारखे महत्त्वाचे नाहीत. तीन जागी लक्ष द्या.

पहिलं, जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला आणि वैधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, वैधता जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून. समितीला वडील-आजोबांच्या नोंदी लागतात, त्रुटी निघतात, महिने जातात. अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका. प्रवेशाच्या वेळी अर्जाची पावती काही मुदतीपुरती चालवून घेतली जाते, पण त्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर तुम्ही खुल्या प्रवर्गात ढकलले जाता आणि राखीव जागेवर मिळालेला प्रवेश हातचा जातो.

दुसरं, नॉन-क्रिमिलेअर. याच्यावर '३१ मार्च ...पर्यंत वैध' अशी ओळ असते. मागच्या वर्षी काढलेलं प्रमाणपत्र अनेकदा ३१ मार्चलाच संपलेलं असतं आणि प्रवेश जून-जुलैत. दाखला हातात असल्याने कोणी तारीख बघत नाही. पडताळणी करणारा मात्र पहिली तीच बघतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्रही चालू वर्षाचं आणि राज्याच्या नमुन्यातलं लागतं. केंद्राच्या नमुन्यातलं जेईईला चालतं, इथे नाही.

तिसरं, नाव आणि राष्ट्रीयत्व. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, दाखल्यावर तिसरं, अशी घरं कमी नाहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'भारतीय' लिहिलेलं नसेल तर राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र काढा. ते आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून निघतात. जूनमध्ये रांगा असतात, म्हणून परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज टाकून मोकळं व्हावं.

कॉलेज चांगलं की वाईट, कसं ठरवायचं?

फलकांवरच्या '९५ टक्के प्लेसमेंट'वरून काही ठरवू नका. ९५ टक्के कोणाचे, ते लिहिलेलं नसतं. बहुधा 'पात्र' मुलांचे, म्हणजे एकही विषय न राहिलेल्या आणि नोंदणी केलेल्यांचे.

त्यापेक्षा एक सरकारी कागद उघडा. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये भाग घेणारी प्रत्येक संस्था आपली माहिती एका ठराविक तक्त्यात भरते, आणि तो तक्ता संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. क्रमवारीत नंबर लागला नाही तरी माहिती असते. त्यात पाच आकडे शोधा: पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेली मुलं, ठरलेल्या मुदतीत पदवी घेतलेली, उच्च शिक्षणाला गेलेली, नोकरी लागलेली, आणि त्यांच्या पगाराचा मध्यक. मध्यक म्हणजे सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. एखाद्याला ४० लाखांचं पॅकेज मिळालं की सरासरी फुगते, मध्यक फुगत नाही.

समजा तक्त्यात असं आहे: ४८० प्रवेश, ३६० मुदतीत पदवी, २१० ना नोकरी, ४५ उच्च शिक्षणाला, मध्यक ४ लाख. म्हणजे सुरुवातीच्या ४८० पैकी १२० मुलं मुदतीत पास झाली नाहीत, आणि नोकरी किंवा पुढचं शिक्षण मिळून ठिकाणी लागली ती २५५, निम्म्याहून थोडी जास्त. दोन कॉलेजांचे तक्ते शेजारी ठेवले की दहा मिनिटांत निर्णय सोपा होतो. संस्थेकडे हा तक्ताच नसेल, तर तोही एक तपशील समजा.

नॅक आणि एनबीए या दोन मानांकनांतही गल्लत होते. नॅक पूर्ण संस्थेला मिळतं, एनबीए एकेका शाखेला. कॉलेजचं मेकॅनिकल एनबीए मान्यताप्राप्त असेल आणि तुम्ही घेणार असाल ते एआय नुकतंच सुरू झालं असेल, तर ती मान्यता तुमच्या उपयोगाची नाही.

व्यवस्थापन कोट्याचा फोन आला तर

निकालानंतर आठवड्याभरात फोन येतातच. 'जागा संपत आल्यात, आज टोकन भरा.' खासगी संस्थांकडे काही जागा संस्थास्तरावर असतात, त्यांनाच व्यवस्थापन कोटा म्हणतात; त्या बेकायदा नाहीत. पण त्यांनाही अर्ज मागवून गुणवत्तेनेच प्रवेश द्यावा लागतो आणि देणगी घेणं कायद्याने गुन्हा आहे. पावती न देता मागितलेली रक्कम ही देणगीच. कॅपचा निकाल लागण्याआधी घाबरून असा प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती आणि फी सवलत दोन्ही हातची जाते, हे फोनवरचा माणूस सांगत नाही.

कॅपमधून घेतलेला प्रवेश नंतर जेईई, मेडिकल किंवा दुसऱ्या कारणाने रद्द करायचा झाला, तर जाहीर केलेल्या अंतिम तारखेपर्यंत लॉगिनमधून रद्द करण्याचा अर्ज करा. त्या मुदतीत भरलेली फी जास्तीत जास्त १,००० रुपये प्रक्रिया शुल्क कापून परत मिळते. तारखेनंतर एक दिवसही उशीर झाला तर अनामत रकमेपलीकडे फार काही हाती लागत नाही. कॉलेजने मूळ कागदपत्रं ठेवून घेतली असतील, तर पडताळणी होताच ती परत द्यायला सांगा. छायांकित प्रती पुरेशा असतात, आणि मूळ दाखला हातात नसला की दुसऱ्या ठिकाणचा प्रवेश तिथेच अडतो.